वरचं पोवळं तगेल, पण खालच्या पायाचं काय?

विचारणाऱ्याच्या तीन शंका आहेत. एक, समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे आपण पीएच म्हणतो तो, अजूनही आठाच्या वर आहे. पाणी अल्कधर्मीच आहे, मग 'समुद्र आम्लधर्मी होतोय' असं का म्हणायचं? दोन, हजार मीटर खोल, जिथे उजेडही पोहोचत नाही, तिथल्या प्रवाळांना वरच्या धुराची झळ कशी लागणार? आणि तीन, कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या पाण्यातसुद्धा ही प्रवाळं प्रयोगशाळेत वाढत राहिली असं वाचनात आलं, तर धोका फुगवून सांगितला जातोय का?

तिन्ही शंका रास्त आहेत, आणि तिसरी तर नेमक्या जागी बोट ठेवणारी आहे. मी गेली बावीस वर्षं समुद्राच्या पाण्यातला कार्बन मोजते आहे. सुरुवात गोव्यात दोना पावलाला झाली, पुढची बरीचशी वर्षं उत्तर अटलांटिकमध्ये, नॉर्वे आणि स्कॉटलंडच्या बाजूला गेली. त्यामुळे उत्तरही बरंचसं तिथलंच असेल, कारण खोल पाण्यातल्या प्रवाळांचा सगळ्यात जास्त अभ्यास तिथेच झाला आहे.

पहिली शंका लवकर मिटते. कपातला चहा वाफाळता असतानाच आई हाक मारते, "चहा गार होतोय". चहा तेव्हा गार नसतो, पण निघालेला त्याच दिशेला असतो. आम्लीकरण हा शब्दही असाच दिशा सांगतो. कारखानदारी सुरू होण्याआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक दिसायला किरकोळ, पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. ०.१ ने सामू उतरला म्हणजे पाण्यातले हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो, त्याचा हा हिशेब आहे.

प्रवाळाच्या दृष्टीने मात्र सामूपेक्षा महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे, तो कार्बोनेट आयनांचा. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शहाबादी फरशी ज्याची असते त्याच द्रव्याचा. फरशीवर लिंबाची फोड राहिली की तिथली चकाकी कायमची जाते, हे ज्यांच्या घरी शहाबादी आहे त्यांना सांगायला नको. त्यातही प्रवाळ जो प्रकार वापरतं तो ॲरगोनाइट, आणि हा ॲरगोनाइट नेहमीच्या कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतो. सांगाडा बांधायला दोन गोष्टी लागतात: कॅल्शियम आणि कार्बोनेट. कॅल्शियम समुद्रात मुबलक आहे, ओढाताण कार्बोनेटची असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला की त्यातून सुटणारे बरेचसे हायड्रोजन आयन कार्बोनेटला धरतात आणि त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. ते बांधकामाला थेट उपयोगी पडत नाही. गवंड्याच्या पुढ्यात वाळूचा ढीग तसाच आहे आणि सिमेंटच्या गोण्या मात्र रोज कमी होताहेत, असा प्रकार.

आता खोल पाण्याकडे. प्रवाळ म्हटलं की डोळ्यांसमोर लक्षद्वीपचं निळंशार उथळ पाणी येतं. पण आजवर माहीत झालेल्या प्रवाळांच्या जातींपैकी निम्म्याहून जास्त जाती ५० मीटरपेक्षा खोल राहतात. त्यातलं सगळ्यात अभ्यासलेलं म्हणजे लोफेलिया. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली त्याची नोंद केली, आणि २०१६ पासून शास्त्रीय नाव बदलून डेस्मोफायलम पर्ट्युसम झालं आहे. आम्ही जुनी माणसं अजून लोफेलियाच म्हणतो. नॉर्वेत त्याला जे स्थानिक नाव आहे त्याचा अर्थ 'डोळ्याचं पोवळं' असा होतो, आणि फांदीवर ओळीने बसलेली त्याची गोल तोंडं पाहिली की ते नाव पटतं. हे साधारण ४ ते १२ अंश सेल्सियसच्या पाण्यात, बहुतेक ठिकाणी २०० ते १००० मीटर खोलीवर वाढतं. ट्रॉन्डहाइमच्या खाडीत मात्र ते अवघ्या ३९ मीटरवर आहे, आणि हा जगातला अपवाद मानला जातो. उथळ प्रवाळांना त्यांच्या पेशींत राहणारी शेवाळं अन्न पुरवतात. लोफेलियाकडे ती नाहीत. प्रवाहाबरोबर जे वाहत येईल, बारीक प्राणी, वरून झिरपणारा सेंद्रिय गाळ, ते शुंडकांनी पकडायचं आणि त्यावर जगायचं. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे सगळं यावरच येऊन थांबणार आहे.

खोल पाण्यात चुना टिकणं मुळातच अवघड. तापमान कमी आणि दाब जास्त असला की कॅल्शियम कार्बोनेट अधिक विरघळतं. शिवाय वरून पडणारे मेलेले जीव खाली कुजतात, त्यातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यामुळे प्रत्येक समुद्रात एक खोली अशी येते की तिच्यावर ॲरगोनाइट टिकतो आणि तिच्याखाली उघडा पडला तर विरघळतो. आम्ही तिला संपृक्तता रेषा म्हणतो. उत्तर अटलांटिकमध्ये ही रेषा २००० मीटरच्याही खाली आहे. उत्तर पॅसिफिकमध्ये खालचं पाणी फार जुनं, शेकडो वर्षं कुजण्याचा कार्बन साठवत आलेलं, म्हणून तिथे ती अवघ्या काहीशे मीटरवर, काही ठिकाणी तर १०० मीटरच्याही आत येते. नकाशावर पाहा: लोफेलियाच्या मोठ्या भित्तिका, म्हणजे सांगाड्यांवर सांगाडे चढून उभे राहिलेले उंचवटे, नॉर्वे, आयर्लंड, स्कॉटलंडच्या बाजूला आहेत, आणि उत्तर पॅसिफिकमधल्या अल्यूशियन बेटांजवळ खोल पाण्यात बागा दिसतात त्या मुख्यतः पंख्यासारख्या, वेगळ्या जातकुळीच्या प्रवाळांच्या.

ही रेषा आता वर सरकते आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला होता: औद्योगिक काळापूर्वी खोल पाण्यातल्या ज्ञात प्रवाळ भित्तिकांच्या ९५ टक्क्यांहून अधिक जागा या रेषेच्या वर, सुरक्षित बाजूला होत्या. उत्सर्जन असंच चालू राहिलं तर या शतकाच्या अखेरीस त्यातल्या सुमारे ७० टक्के जागा रेषेच्या खाली गेलेल्या असतील. प्रवाळ जागेवरच राहणार आणि रेषा त्याच्या डोक्यावरून वर जाणार.

पण वरचा धूर इतक्या खोल पोहोचतो कसा? उत्तर अटलांटिकमध्ये तो थेट पोहोचतो. हिवाळ्यात लाब्राडोर आणि ग्रीनलंडच्या आसपासचं पाणी इतकं थंड आणि जड होतं की हजार-दोन हजार मीटर खाली बसतं, आणि हवेतून घेतलेला कार्बन सोबत घेऊन जातं. म्हणूनच जगाच्या समुद्राचं जेमतेम १५ टक्के क्षेत्र असलेल्या उत्तर अटलांटिकमध्ये माणसाने सोडलेल्या आणि समुद्रात साठलेल्या कार्बनपैकी सुमारे २३ टक्के सापडतो. ज्या पाण्यात लोफेलियाची सगळ्यात मोठी वस्ती, त्याच पाण्यात हा कार्बन सगळ्यात वेगाने खाली उतरतोय. मला यातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटते.

हे मोजतात कसं, तेही थोडं सांगते, कारण 'इतका बारीक फरक खरंच कळतो का' हे मला नेहमी विचारतात. जहाजाच्या कडेने चोवीस बाटल्यांचं कडं खाली सोडतात आणि ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात. कडं वर आलं की धावपळ सुरू होते, कारण वायूंचे नमुने आधी घ्यायचे असतात. सिलिकॉनची नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी हळू सोडायचं, बाटली भरून निदान आणखी एक बाटलीभर पाणी ओसंडून जाऊ द्यायचं, आणि एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही. मग पारद क्लोराइडचा अगदी बारीक डोस, म्हणजे पाण्यातले जंतू श्वास घेऊन हिशेब बिघडवणार नाहीत, आणि ग्रीस लावलेलं बूच. सामू मोजायला जांभळा रंगसूचक वापरतो; प्रकाश किती शोषला गेला त्यावरून हजारांशापर्यंतचा फरक कळतो. पृष्ठभागाचा सामू दरवर्षी साधारण ०.००२ ने उतरतोय, तेव्हा एवढी काटेकोरी लागतेच. एका मोहिमेत बूच नीट न बसल्याने माझे एका संपूर्ण ठिकाणचे नमुने बाद झाले होते. त्या खोलीवर पुन्हा जायला जहाज मिळालं ते तीन वर्षांनी. तेव्हापासून प्रत्येक बूच मी स्वतः फिरवून पाहते.

आता तिसरी शंका, म्हणजे खरी.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. जर्मनीतल्या कील इथल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामू ०.१ ने खाली आणल्यावर पहिल्या आठवड्याभरात लोफेलियाची वाढ पाव हिश्श्याहून जास्त घटली. पण तीच प्रवाळं सहा महिने तशाच पाण्यात ठेवली तेव्हा त्यांनी जुळवून घेतलं, वाढ घटलेली दिसली नाही. याचं कारणही कळलं आहे. प्रवाळाचा प्राणी सांगाड्याचा चुना थेट समुद्राच्या पाण्यातून ओतत नाही. त्वचा आणि सांगाडा यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत तो स्वतःचं पाणी तयार करतो, त्यातले हायड्रोजन आयन बाहेर उपसतो आणि तिथला सामू बाहेरच्यापेक्षा बराच वर ठेवतो. सांगाड्यातल्या बोरॉनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, हे मोजता येतं. म्हणजे बाहेर टंचाई असली तरी प्राणी पदरमोड करून घर बांधत राहतो.

पदरमोडीला मर्यादा असते. उपसा चालवायला ऊर्जा लागते, ऊर्जा अन्नातून येते. प्रयोगशाळेच्या टाकीत आम्ही त्यांना वेळच्या वेळी कोळंबीची पिल्लं घालतो. खोल समुद्रात तसं घालणारं कोणी नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला मिंगुले इथली भित्तिका १२० ते १९० मीटरवर आहे, तिथे भरती-ओहोटीच्या जोराने वरचं अन्नदार पाणी दिवसातून अनेकदा खाली ओढलं जातं, म्हणून ती भरभराटीला आहे. पाणी तापलं, थरांची घुसळण मंदावली आणि खाली पोहोचणारं अन्न घटलं, तर तेच प्रवाळ तोच खर्च करू शकेल असं मी म्हणणार नाही. आम्लीकरण, तापमान आणि उपासमार तिन्ही एकदम येताहेत. प्रयोगात मात्र बहुतेक वेळा एकेकटं तपासलं जातं.

तरीही, समजा प्राणी तगला. तरी माझी काळजी मिटत नाही. कारण प्रवाळ भित्तिकेतला जिवंत भाग म्हणजे फक्त वरची पापुद्र्यासारखी कड. लोफेलियाची फांदी हातात घेतली की हे लगेच कळतं. टोकाकडची वीतभर फांदी पांढरी किंवा नारिंगी, कडक, नखाने टिचकी मारली तर चिनीमातीच्या कपासारखी वाजते. त्याखाली रंग बदलतो. करडा, तपकिरी, बुरसटलेला, आणि तिथून पुढे मीटरच्या मीटर सगळा मेलेला सांगाडा. त्याच्यावर प्राण्याची त्वचा नाही, आतला सामू वर ठेवणारं कोणी नाही. तो थेट समुद्राच्या पाण्याला उघडा. आणि सगळी भित्तिका उभी आहे ती याच मेलेल्या सांगाड्यावर. वाड्याचा वरचा मजला कितीही डागडुजी करून राखला तरी जोतं चुन्याचं असेल आणि ते भिजून भुसभुशीत होत असेल, तर मजल्याचं काय होणार?

स्कॉटलंडमधल्या एका चमूने लोफेलियाला वर्षभर जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात ठेवलं आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. जिवंत प्रवाळ वाढत राहिलं, मात्र नवी वाढ बारीक आणि लांबट झाली, स्फटिकांची रचना विस्कटली. मेलेला, उघडा सांगाडा तर २० ते ३० टक्के कमी जोरात मोडू लागला. पुढे २०२० मध्ये त्याच वाटेवरच्या कामात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेरचे नमुने तपासले गेले. तिथलं खोल पाणी आजच ॲरगोनाइटला विरघळवणारं आहे, म्हणजे इतर समुद्रांचं उद्याचं चित्र तिथे आज पाहता येतं. मेलेल्या सांगाड्यात आतून सूक्ष्म छिद्रं पडलेली आढळली, म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ हाडांसारखी. संशोधकांनी त्याला हाडांच्या ठिसूळपणाच्या आजारावरूनच नाव दिलं.

त्यात भर पडते ती पोखरणाऱ्या जिवांची. मेलेल्या सांगाड्यात काही स्पंज बोगदे करून राहतात. हे आजारपण नाही, हे नेहमीचंच. भित्तिका मोडते, गाळ साचतो, त्यावर पुन्हा वाढते, असंच हजारो वर्षं चालत आलं आहे. पण वासा आधीच मऊ झाला असेल तर वाळवीचं काम सोपं होतं. मोडण्याचा वेग वाढीच्या वेगापेक्षा जास्त झाला की भित्तिकेची उंची घटू लागते. लोफेलियाची फांदी वर्षाला जेमतेम अर्धा ते अडीच सेंटिमीटर लांबते, म्हणजे भरपाईला फारसा वाव नाही.

उंची गेली तर काय बिघडलं, असंही कोणी विचारेल. सगळं तिथेच आहे. सांगाड्याच्या फटींमध्येच बाकीचे राहतात. ईशान्य अटलांटिकमधल्या लोफेलिया भित्तिकांवर १३०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. नॉर्वेच्या कोळ्यांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होतं. लांब दोरीच्या गळांवर मासा कुठे जास्त लागतो ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. मिंगुलेच्या भित्तिकेवर काळ्या तोंडाच्या छोट्या मुशी अंडी घालून जातात. आणि उंच सांगाडाच प्रवाळाला तळाच्या गाळातून वर काढून प्रवाहात धरून ठेवतो, जिथे अन्न येतं. पाया खचला तर वरच्या जिवंत कडेचंही पोट मारलं जातं.

या पायाला किती काळ लागतो? आयर्लंडच्या नैर्ऋत्येला चॅलेंजर माउंड नावाचा समुद्रतळावरचा डोंगर आहे, सुमारे १५५ मीटर उंच, प्रवाळांचे सांगाडे आणि गाळ यांच्या थरांनी बनलेला. २००५ साली तो आरपार छेदून नमुने काढले तेव्हा तळाचं वय सुमारे २६ लाख वर्षं निघालं. हिमयुगं आली-गेली, मध्ये वाढ थांबली, पुन्हा सुरू झाली. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळची रोस्ट भित्तिका, सुमारे ३५ ते ४० किलोमीटर लांब, २००२ साली सापडली. ३०० ते ४०० मीटरवरचं एवढं मोठं बांधकाम आपल्याला कळलं तेही आताआता.

चित्र एकरंगी नाही, तेही सांगायला हवं. २०१७ मध्ये हवाईच्या वायव्येच्या समुद्री पर्वतांवर पाचशे ते सातशे मीटरवर खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या भित्तिका आढळल्या, तिथे पाणी बऱ्याच ठिकाणी ॲरगोनाइटला विरघळवणारं होतं. आम्हा सगळ्यांना ते अनपेक्षित होतं. यातून एवढं निश्चित कळतं की संपृक्तता रेषा ही काही जातींसाठी भिंत नाही. मात्र उत्तर अटलांटिकमध्ये लाखो वर्षं जमलेला प्रचंड मेलेला सांगाडा आहे, तो ज्या पाण्यात जमला ते पाणी बदलतंय, आणि हवाईच्या भित्तिका तगल्या म्हणून तो विरघळायचा थांबणार नाही.

उपायांचं विचाराल तर मूळ उपाय एकच, कार्बन डायऑक्साइड कमी सोडणं. हवेतलं प्रमाण औद्योगिक काळापूर्वी दशलक्षांत सुमारे २८० भाग होतं, आता ४२० च्या पुढे गेलं आहे. खाली बसलेलं पाणी परत वर आणता येत नाही. ते आपला कार्बन घेऊन पुढची कित्येक वर्षं भित्तिकांवरून वाहणारच. समुद्रात चुना किंवा खनिजांची भुकटी टाकून सामू वाढवण्याच्या कल्पनांवर काम चालू आहे. ते जमलंच तर फायदा आधी पृष्ठभागाला होईल, हजार मीटरवर पोहोचायला काळ जाईल. पण दुसरी एक गोष्ट आजच हातात आहे: तळ खरवडणारी जाळी. नॉर्वेत झालेल्या पाहणीचा अंदाज होता की तिथल्या ३० ते ५० टक्के प्रवाळ क्षेत्राची ट्रॉलिंगने हानी झाली आहे. १९९९ पासून नॉर्वेने भित्तिकांना कायद्याचं संरक्षण दिलं. स्कॉटलंडच्या वायव्येचे डार्विन माउंड्स १९९८ साली सापडले, २००३ मध्ये तिथे ट्रॉलिंग बंद झालं. २०१६ मध्ये युरोपीय संघाने ८०० मीटरखाली तळाचं ट्रॉलिंगच बंद केलं. सांगाडा ठिसूळ होणार हे ठाऊक असताना त्यावरून लोखंडी जाळी फिरू देणं मला अक्षम्य वाटतं. आधीच मोडलेली भित्तिका आम्लीकरणासमोर सगळ्यात आधी हरेल.

आपल्याकडचं विचारलं नव्हतंत, पण मराठी वाचकाच्या मनात अँग्रिया बँक येणार. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा हा बुडालेला उंचवटा वरच्या बाजूला वीसेक मीटरवरच आहे. तिथली प्रवाळं उजेडातली, शेवाळांवर जगणारी. त्यांचा मुख्य शत्रू तापणारं पाणी आणि त्याने होणारं विरंजन, म्हणजे शेवाळं गमावून प्रवाळ पांढरं पडणं. तरी अरबी समुद्राची रसायनं सोपी नाहीत. साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन अत्यंत कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर, आणि पावसाळ्यात हेच पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात वर चढतं. गोव्यासमोर त्या दिवसांत मी घेतलेल्या तळाच्या नमुन्यांचा सामू खुल्या समुद्राच्या मानाने इतका कमी असायचा की सुरुवातीला मला आकडे चुकल्यासारखे वाटत. आपल्या कालवांना आणि तिसऱ्यांना हे पाणी दरवर्षी भेटतं, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

यापुढे 'प्रवाळ आम्लात तगलं' अशी बातमी वाचलीत तर तीन गोष्टी तपासा. प्रयोग किती महिन्यांचा होता. प्रवाळांना खायला किती आणि किती वेळा घातलं होतं. आणि टाकीत नुसत्या जिवंत फांद्या होत्या, की खालचा मेलेला सांगाडाही ठेवला होता आणि शेवटी तो मोडून पाहिला होता. बहुतेक वेळा तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असं मिळेल.